रेवाचा एस्टोनिया

३१ जाने. २०१०, रवि. कनाटा
रेवाला शाळेत प्रोजेक्ट. सहावीतल्या प्रत्येकानं युरोपातला एक छोटा देश घ्यायचा. भूगोल, लोक, इकॉनॉमी. ती माल्टा घेणार होती, तिथला समुद्र निळा म्हणून. अभय बेसमेंटमधून वर आला नि म्हणाला, एस्टोनिया घे. ऑक्टोबरात लेऑफ झाल्यापासून माझ्या नवऱ्यानं घरात भाजी कुठली करू यावरसुद्धा मत दिलं नव्हतं. बरं वाटलं. बाप-लेक बसले, मी हिरड्यांचे दोन चॅप्टर उरकले. मार्चमध्ये शेवटची परीक्षा. ही एक निघाली की इथलंही डेंटिस्टचं लायसन्स, नि क्लिनिकच्या रिसेप्शनवर फोन उचलणं बंद.

२ फेब्रु., मंगळ.
डायनिंग टेबलभर चार्ट पेपर. पोळ्या उभ्यानंच खाल्ल्या. देश सपाट, निम्मं जंगल, बेटं पंधराशेच्या वर. अख्ख्या देशात आपल्या नागपूरपेक्षा कमी माणसं! लाकूड विकतात, सॉफ्टवेअर लिहितात, मतदानही कॉम्प्युटरवर. अभय न विचारता सांगत होता, पुढच्या वर्षी युरो येईल बहुतेक, विंटर टायर तिथं सक्तीचे. रेवानं गमतीत विचारलं, डाळ मिळते का. "राजधानीत, टॅलिनला, एक दुकान आहे, तूरडाळ असते," म्हणाला. इंग्लिश मीडियम शाळाही आहे म्हणे, पण वेटिंग असतं.
तूरडाळ कुठल्या भूगोलाच्या पुस्तकात असते?

४ फेब्रु., गुरु.
रोज सकाळी बेसमेंटमध्ये फोन. पुण्याच्या मित्राचा, असं सांगायचा. आज सरळ खाली जाऊन दारात उभी राहिले. वर शर्ट-टाय, खाली पायजमा, स्क्रीनवर दोन गोरे. संपल्यावर म्हटलं, मांजर डोळे मिटून दूध पितं तसं चाललंय तुझं.
कबूल झाला. टॅलिनची ऑफर, तीन वर्षं. शुक्रवारी, १२ला उत्तर द्यायचंय.
"तुझी परीक्षा झाली की सांगणार होतो."
"आणि मुलीची तयारी आधीच सुरू केलीस?"
टाय सैल केला. मग हळूच म्हणाला, इथं मला कोण घेतंय आता. कीव आली. कीव आली म्हणून आणखी राग. माझं लायसन्स तिथं चालणार नाही. पुन्हा श्रीगणेशा, तोही त्यांच्या भाषेत. भारतातून इथं येऊन एकदा केला तेवढा पुरे झाला मला.

७ फेब्रु., रवि.
खूप बर्फ. दोघांनी ड्राइव्हवे शोव्हल केला, तो रस्त्याकडून, मी गराजकडून. मध्ये भेटलो तेव्हा मी म्हणून टाकलं, तू एकटा जा. तो म्हणाला, तुला तेच हवंय का? माहीत नाही. खरंच माहीत नाही मला.
रेवाला इतक्यात सांगायचं नाही. एवढ्यापुरतं एकमत.

११ फेब्रु., गुरु.
प्रेझेंटेशन. पालकांना बोलावलेलं, लहान खुर्च्यांवर अवघडून बसलो. रेवा छान बोलली. थंडीत तिथला समुद्र गोठतो, मग बर्फावरून बेटांपर्यंत रस्ता उघडतात, गाड्या समुद्रावरून जातात. आणि त्या रस्त्यावर सीटबेल्ट लावायचा नाही, असा नियम. टीचरनं विचारलं, का?
"इफ द आइस ब्रेक्स, एव्हरीवन हॅज टु गेट आउट फास्ट."
मी अभयकडे पाहिलं नाही.
मग टीचरनं सहज विचारलं, तुला राहायला आवडेल का तिथं? रेवा म्हणाली, "आय थिंक वी आर मूव्हिंग देअर. माय डॅड नोज व्हेअर टु बाय डाळ."
वर्ग हसला. आम्ही दोघं चार्टकडे बघत बसलो.
परत येताना रेवा मागच्या सीटवर चार्ट धरून बसली. सिग्नलला मागून आवाज आला, "आई, कॅन यू राइट युअर एक्झाम देअर?"
नाही गं, म्हटलं.
"देन हू इज गोइंग?"
सिग्नल हिरवा झाला. मागच्यानं हॉर्न दिला तरी अभय गाडी काढेना.
उद्या शुक्रवार.