द्वारका की सुलोचना

८ नोव्हेंबर १९९५, बुध.
आत्याच्या डोक्याचा स्कॅन झाला, आमच्याच कंपनीच्या मशीनवर. शेंगदाण्याएवढा डाग आहेच. डॉ. म्हणाले, गेल्या वर्षीचा फोटो आणा. डाग वाढला असेल तर ऑपरेशन, नसेल तर हात लावायचा नाही.
गेल्या वर्षीची फिल्म! ती माझ्या वडिलांनी, अण्णांनी, दिवाळीतल्या ग्रहणाला कापून गल्लीत वाटली. आता ते फिल्मचं रिकामं पाकीट पुन्हा पुन्हा उघडून बघताहेत. उलट आत्याच समजूत घालतेय, "असू दे अण्णा. माझ्या डोक्यातून आपल्या अख्ख्या चामराजपेटेने सूर्य बघितला."

१० नोव्हें., शुक्र.
गेल्या वर्षीच्या हॉस्पिटलात फोटोंची डिस्क आहे. पण मशीन दुसऱ्या कंपनीचं, आमच्या स्क्रीनला त्यांचं अक्षर लागत नाही. अण्णा म्हणाले, "म्हणजे आपल्या पेटीतले मोडी कागद. घरात आहेत, वाचणारा नाही." अगदी तेच.
आता मात्र सगळ्या कंपन्यांनी मिळून एकच लिपी ठरवलीय. दोन मशीनं जोडून बघायची आमची जोडचाचणी खऱ्या फोटोंवाचून अडलेली. साहेब म्हणाले, आत्याचेच घ्या. आत्या लगेच तयार. त्या दुसऱ्या कंपनीचा इंजिनिअर श्रीनाथ मंगळवारी येतोय, जुने फोटो नव्या लिपीत उतरवून आमच्याकडे पाठवायला. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या माणसाला आम्ही फाटकाच्या आत घेतलं नसतं!

१४ नोव्हें., मंगळ.
नमुन्याचं चित्र आलं. टाळ्या. मग आत्याचं नाव, 'सुलोचना', शोधलं, काही नाही. पुन्हा, काही नाही.
श्रीनाथ म्हणे, "मॅडम, तुमचं मशीन घेत नाही."
मी म्हटलं, "तुमचं पाठवत नाही."
दिवसभर एकमेकांच्या चुका शोधल्या, अतिशय सभ्यपणे. जाताना तोच म्हणाला, "स्वल्प चहा घेऊ या, मॅडम." घेतला. माणूस बरा आहे. पण आत्याचं काय?

१५ नोव्हें., बुध.
पुन्हा तेच. संध्याकाळी घरी कणीक मळत होते. बाहेरून अण्णा आत्याला, "द्वारके, चहा घेतेस?"
हात तसेच कणकेचे, बाहेर पळाले. "अण्णा, गेल्या वर्षी हॉस्पिटलात नाव काय सांगितलंत?"
"द्वारका. दुसरं काय सांगणार?"
"कागदोपत्री सुलोचना आहे ना!"
"ते तिच्या सासरच्यांनी लग्नात बदललं. मी नव्हतं बदललं."
जन्मापासून हे 'द्वारके' ऐकतेय. दोन दिवस त्या बिचाऱ्या श्री.शी भांडले. मूर्ख मी.

१६ नोव्हें., गुरु.
सापडली! डावीकडे त्यांच्या मशीनची द्वारका, उजवीकडे आमची सुलोचना, एकाच स्क्रीनवर. श्री.ने चक्क माझा हात हातात घेऊन हलवला. डॉ.नी बराच वेळ मोजमाप केलं. "वाढलेला दिसत नाही. पण फेब्रुवारीत पुन्हा बघू." डोळे भरून आले, लपवले नाहीत.
मशीन मात्र ह्या दोन बायका आहेत म्हणतं. एक करायच्या तर कुठलं नाव ठेवू, असं विचारतं. श्री. आत्याला अक्का म्हणतो. म्हणाला, "अक्कांनाच विचारा."

१७ नोव्हें., शुक्र.
विचारलं. आत्या मेथी निवडत होती, ती थांबली. "पन्नास वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं गं."
आणि पुन्हा मेथी निवडू लागली. फेब्रुवारीच्या तपासणीचा फॉर्म आणलाय, बाकी सगळा भरला. नावाची जागा तिच्यासाठी कोरी ठेवलीय.