निजून राह्यले

ता. मारेगाव, जि. यवतमाळ
१९ ऑगस्ट २००६

आदरणीय मंदार सर,
सविनय जयभीम.

मी खुशाल आहे. रजेचा अर्ज न देता गावी आले म्हणून विभागाचं पत्र मिळालं. इकडे पाऊस बरा आहे, कपाशीची पऱ्हाटी गुडघ्याला लागली, घरचे सगळे मजेत आहेत. सगळे म्हणजे सगळेच. हे वाक्य ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

तुमच्या पुस्तकाचं मुखपृष्ठ पुढच्या आठवड्यात छापायला जातंय. त्यावरचा फोटो काढून टाका, एवढं सांगायला हे पत्र. माझ्या एम.ए.च्या प्रबंधावर तुमचीच सही व्हायची आहे, ते मला कळतं. तरी लिहिते.

त्या दिवशी ‘समकालीन छायाचित्रण आणि शोक’ या तासाला तुम्ही तो फोटो भिंतीवर टाकलात. दाराला टेकलेली बाई, गालावर हात, कपाळ मोकळं. खाली ओळ : ‘रुखमाबाई, कै. उकंडा यांच्या पत्नी. कापूसपट्टा, एप्रिल २००६.’ तासभर वर्ग त्या हातावर बोलला. अभिषेक म्हणाला, हा हात म्हणजे गिळलेला हुंदका आहे. तुम्ही मान डोलावलीत. सर, तो हात दाढेवर होता! दाढ किडली होती तिची, लवंग धरली होती दाबून. अन् कपाळाचं म्हणाल, तर आमच्या घरी आजीनं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हापासून कुंकूच नाही. जे लावलंच नाही ते पुसणार कुठून?

मग तुम्ही मुलाखतीची टेप लावलीत. तुम्ही विचारता, ‘मालक कुठे आहेत?’ ती म्हणते, ‘हे गेलते पुसदले. आता निजून राह्यले.’ वर्गात वाटलेल्या तुमच्या पुस्तकाच्या परिशिष्टात काय छापलंय? ‘हे गेले. निजून राहिले.’ पुसद तेवढं ‘अस्पष्ट उच्चार’ म्हणून गाळून टाकलं. आणि ‘निजून राहिले’ या शब्दांत मरणाचं केवढं हळुवार काव्य आहे, यावर तुम्ही बोलत सुटलात. पोरं लिहून घेत होती.

अहो, आमच्याकडे गेलते म्हणजे गेले होते. निजून राह्यले म्हणजे झोपलेत. पुसदला गायनपार्टीचा प्रोग्राम करून माणूस पहाटे घरी आला अन् आत घोरत पडला होता. टेपवर घोरणं ऐकू येतं, सर. तुम्ही त्याला ‘दूरवर पिठाची गिरणी’ असं लिहिलंय.

निघताना तुम्ही सांत्वनाचे हात जोडलेत. तिला वाटलं, तुम्ही जयभीम घातला. तिनंही घातला. ‘शहरातला मानूस, पन मान देनारा होता,’ असं ती अजून सांगते.

मी वर्गात उभी राहून म्हणाले होते की तो माणूस जिवंत आहे. तुम्ही हसलात. ‘रुपाली, स्थानिक भावनांपासून अंतर ठेवायला शिक. फोटो एकदा काढला की तो त्या बाईचा राहत नाही, तो एका काळाचा होतो.’ मी खाली बसले. ती कोण आहे हे सांगितलं नाही, कारण मला तिच्या नावावर सूट नको होती. ती कोणाचीही माय असती, तरी तिचा नवरा आत घोरतच होता.

पण आता सांगते. ती माझी माय आहे.

तुम्हीच विदर्भातल्या पोरांकडून गावांची नावं मागितली होती, त्यात माझं गाव मी दिलं होतं. तुम्ही विसरलात. कापसाचा भाव पडून शेतकरी जीव द्यायला लागल्यापासून आमच्या जिल्ह्यात कॅमेरेच एवढे येतात की कोण कोणाचं हे कोण पाहतो!

तो फोटो खालच्या ओळीसकट पेपरच्या रविवारच्या पुरवणीत आला. केळापूरहून धुरपतामावशी माणसं भरून टेम्पोतून आली. वेशीपासून हेल काढून रडत. दार उघडलं बाबांनी. ‘काहून वं, कोन गेलं?’ मावशी ओट्यावरच बसली. मग सगळं घर हसलं, चहा झाला. मीही हसले. दुसऱ्या दिवशी दिग्रसहून निरोप आला, ‘उकंडाभाऊ गेले म्हणून प्रोग्रामले दुसरी गायनपार्टी ठरवली.’ तेव्हा कोणी हसलं नाही. बाबा पेपर घेऊन बसले अन् म्हणाले, ‘कोनी एक डाव इचारलं बी नाई, जित्ता हाय का म्हनून.’

आजीची आधीची पोरं जगली नाहीत, सर. बाबा झाले तेव्हा तिनं त्यांना उकंड्यावर, म्हणजे तुमच्या उकिरड्यावर, लोळवून आणलं अन् तेच नाव ठेवलं. मरणानं नाक मुरडून पुढं जावं म्हणून. मरण खरंच पुढं गेलं. तुम्ही नाही गेलात. अन् ते ‘कै.’ तरी कायले? आमच्यात माणूस गेला की कालकथित म्हणतात, आम्ही कैलासाला जात नाही. मारायचं तं निदान नीट मारा!

मुखपृष्ठावरून फोटो काढून टाका. पुरवणीत दुरुस्ती छापून आणा, मायचं अन् बाबांचं नाव घालून. नाही काढला, तर पुस्तकाच्या प्रकाशनाला मी बाबांना घेऊन येईन. पेटीसकट. त्यांचा आवाज माईकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत जातो. सही अडवायची तर अडवा, मी दुसऱ्या वर्षाला पुन्हा बसेन. पण प्रबंधाच्या पहिल्या पानावर माझं नाव आहे तसंच राहील, मध्ये ‘कै.’ लागणार नाही. हजेरी घेताना ते नाव तुम्ही रोज पूर्ण वाचता. वर्ष झालं, वाचून राह्यले.

बाबा शेजारीच बसलेत. सांगतात, ‘सरायले माहा जयभीम लिही. मेलेला मानूस जयभीम घालते म्हना.’

हजर,
रुपाली उकंडा मुनेश्वर