ओढ्याकाठच्या विहिरीचं पाणी

पिंपळढव, ता. गेवराई
५ नोव्हेंबर २००३

चि. राधाकिशन यास,
अक्काचे पोटभर आशीर्वाद.

भाऊबिजेला तू आला न्हाईस. दिवस मावळेपर्यंत वाट बघितली, मग चंद्राला ओवाळून ताट उचललं. मुक्ताच्या पत्रातून कळलं की तू त्या दिवशी कुठल्याशा कंपनीच्या धुराड्यापाशी उभा होतास, कारण सणासुदीला लोक जास्त धूर सोडतात. असली कसली नोकरी रे तुझी. तरी तब्येतीला जप, रक्तदाबाची गोळी चुकवू नकोस.

फोनवरच बोलले असते, पण गावातला फोन साखर कारखान्याच्या चेअरमन भगवानरावांच्या पुतण्याच्या दुकानात. तिथं बोललेलं संध्याकाळपर्यंत कारखान्यावर पोचतं.

पोळ्यानंतर पाऊस आलाच न्हाई. तूर उभ्यानं वाळली. कारखान्यानं माळावर जनावरांची छावणी उघडलीय. तुझे दाजी संचालक झाल्यापासून आधीच घरात टिकत नव्हते, आता तर दिवसभर छावणीतच असतात. लई वाळलेत.

लिहायचं कारण वेगळंच हाय. आपल्या ओढ्याकाठच्या विहिरीचं पाणी बदललंय. रंग काळ्या चहासारखा आणि वास करपलेल्या गुळासारखा. त्यात डाळ शिजत न्हाई. जाऊबाई भिवराबाईंच्या हातांची कातडी सोलून निघालीय, भांडी त्याच घासतात. हे म्हणतात, पाणी खाली गेलं म्हणून गढूळ झालंय. गढूळ पाणी हंड्यात ठेवलं की गाळ बसतो. हे बसत न्हाई. विहिरीच्या वरच्या अंगाला कारखान्याच्या डिस्टिलरीनं काळ्या पाण्याचं तळं केलंय, तू बघितलंस की न्हाई ठाऊक न्हाई.

तुमच्या प्रदूषणाच्या ऑफिसात हे काम बसतं का, एवढंच कळव. मी लिहिल्याचं यांना ठाऊक न्हाई.

मुक्ताला आणि लेकरांना मायेनं विचारलंय.
तुझी,
अक्का

औरंगाबाद
२३ नोव्हेंबर २००३

ती. सौ. अक्काच्या चरणी,
राधाकिशनचा साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र खिशात घालून हिंडत होतो, म्हणून उत्तराला उशीर झाला. पालीच्या बाजूला खडी फोडायची यंत्रं लागलीत, शेजारच्या ज्वारीवर पांढरा थर बसलाय. यंत्राचा मालक म्हणाला की साहेब, पाऊस आला की धुऊन जाईल. पाऊस कधी येणार ते त्याला विचारायचं राहिलं. बीडला एका खाजगी दवाखान्यामागं सुया आणि रक्ताच्या पट्ट्यांचा ढीग होता, त्यात डुकरं शिरली होती. चौसाळ्याजवळच्या वीटभट्ट्या झाल्या. मग एका लग्नातल्या लाउडस्पीकरची तक्रार. तिथं व्याह्यांनी मलाच पंगतीत बसवलं आणि आवाज मोजायचं यंत्र मांडीवर ठेवून मी जिलेबी खाल्ली. जीपचा ड्रायव्हर रिटायर झाला, दुसरा दिलेला नाही, गाडी मीच चालवतो. घरी आलो की मुक्ता बोलत असते आणि मला झोप लागलेली असते.

अक्का, हे काम माझ्याच ऑफिसात बसतं. साहेबांना सांगितलं की माझे दाजी त्या कारखान्याचे संचालक आहेत, दुसऱ्या कुणाला पाठवा. त्यांनी विचारलं, कुणाला? शेजारच्या दोन्ही खुर्च्या रिकाम्या. नातं फाइलवर लिहून दे आणि पाणी पाण्यासारखं तपास, म्हणाले. तसं लिहून दिलं.

मी येईन, पण घरी येणार नाही. स्वयंपाक करू नकोस. मी जे लिहीन त्याच्या मधोमध दाजी येणार, हे तू धरून चाल. नको वाटत असेल तर मोकळेपणानं सांग. खरं तर तू नको म्हटलंस तरी आता मला यावंच लागेल, कारण मला कळलंय.

तोवर ते पाणी पिऊ नका. जनावरांनाही दाखवू नका. भिवरावहिनींना डॉक्टरकडं ने.

तुझ्या पायांशी,
राधाकिशन

पिंपळढव
१८ डिसेंबर २००३

चि. राधाकिशन यास,
अनेक आशीर्वाद, आणि थोडा राग.

तू परवा येऊन गेलास. मी माडीवरून तुझी जीप बघितली. ओढ्यात वाकून बाटल्या भरत होतास, टोपी न्हाई, केस किती पांढरे झालेत. घरी यायचं न्हाई हे मी कबूल केलतं. पण बंकटच्या टपरीवर उभ्यानं चहा पिलास ते मात्र जिव्हारी लागलं. बहिणीचं घर दोन गल्ल्यांपलीकडं, आणि भाऊ टपरीवर. मी पाठ फिरवून धान्य निवडत बसले. निवडलेलंच परत निवडलं.

बंकट सगळ्यांना सांगत होता की हा साहेब काय करणार, पावण्याचाच माणूस हाय, बाटल्या भरून नेल्या म्हणजे झालं. दुसऱ्याच दिवशी त्याची म्हैस छावणीतून सुटून ओढ्यातलं पाणी पिली आणि संध्याकाळी आडवी झाली. गाभण होती. आज त्यानं टपरी उघडली न्हाई.

यांना कळलंय की तुला मीच बोलावलं. रागावले न्हाईत. रागावले असते तर बरं झालं असतं. जेवायला बसले आणि विचारलं, तुला कावून वाटलं मला न सांगता लिहावं? मी म्हटलं, तुम्हाला सांगूनच तर झालतं, तुम्ही गढूळ म्हणालात. ताटावरून उठून गेले.

आता कारखान्यानं संचालकांच्या दारात टँकरचं पाणी सुरू केलंय. आमचीही टाकी भरून गेले. गावाचा सरकारी टँकर येतो कधी, न्हाई कधी.

राग धरला तरी तुला सोडून कुणावर धरू.
अक्का

पिंपळढव
१० जानेवारी २००४

श्री. राधाकिशनराव यांस,
विठ्ठलरावाचा सप्रेम नमस्कार. विनंती विशेष.

आपण कर्तव्य केलेत, त्याबद्दल तक्रार नाही. पण कागदावर सही करण्याआधी माझे चार शब्द वाचावेत.

कारखाना बंद करण्याची शिफारस आपण करणार, असे येथे बोलले जाते. शिवारात जो काही ऊस उरला आहे तो गाळपाला न गेला तर उभा वाळेल. तोडीला आलेल्या टोळ्या पालं टाकून बसल्या आहेत, त्यांना परत कोठे पाठवू? आणि सर्वात मोठी गोष्ट छावणीची. तेथील जनावरे उसाच्या वाढ्यावर, तोडीत निघणाऱ्या शेंड्यांच्या हिरव्या पाल्यावर जगतात. तोड थांबली की वाढे थांबले. आपले पाणी शुद्ध होईल आणि दावणी रिकाम्या होतील. मी रोज त्या दावणींमधून फिरतो. शेतकरी माझे तोंड बघत उभे असतात.

एक हंगाम थांबावे. होळीनंतर गाळप संपले की मी स्वतः तळ्याचा विषय बैठकीत काढतो. चेअरमन साहेब मुंबईला जाऊन वरून बोलतो म्हणत होते. मीच अडवून धरले आहे, घरातला माणूस आहे, ऐकेल, असे सांगून.

आपण धाकटे आहात म्हणून हक्काने लिहिले. ओलावा आटू देऊ नये.
आपला,
विठ्ठलराव

औरंगाबाद
२ फेब्रुवारी २००४

ती. दाजींच्या सेवेशी,
शिरसाष्टांग नमस्कार.

आपलं पत्र मिळालं त्याआधीच माझा अहवाल गेला होता. आधी मिळालं असतं तरी तोच गेला असता. पण आपण जसं ऐकलंत तसा तो नाही, म्हणून लिहितो.

गाळप थांबवा असं मी लिहिलेलं नाही. साखर होऊ द्या, वाढे छावणीत जाऊ द्या. बंद करायची ती फक्त डिस्टिलरी. तिच्या काळ्या पाण्याचं तळं खालून झिरपतं, त्याला अस्तरच नाही. ओढा वाहता असता तर ते पातळ होऊन पुढं गेलं असतं आणि आपल्याला कधी कळलंही नसतं. दुष्काळ पडला म्हणून दिसलं. गावाला रोज टँकर द्यावा आणि त्या पट्ट्यातल्या विहिरी वापरू नयेत, असं तहसीलदारांनाही कळवलंय.

दाजी, माझ्या लग्नात वडिलांच्या जागी आपण उभे होतात. ते मी विसरलेलो नाही. आपल्याला विचारून केलं असतं तर आपण नाही म्हणाला असता, आणि मग आपला नकार ऐकूनही मला हेच करावं लागलं असतं. ते जास्त अवघड होतं, म्हणून विचारलं नाही.

चेअरमन साहेबांना अडवू नये. त्यांना जायचं तिथं जाऊ द्यावं. मी थकलोय, मला कुठंही पाठवलं तरी फरक पडत नाही.

आपला राग मान्य करून,
राधाकिशन

पिंपळढव
१४ एप्रिल २००४

चि. राधाकिशन यास,
अक्काचे भरभरून आशीर्वाद.

डिस्टिलरीला टाळं लागलं. गाळप मात्र चाललं आणि आता हंगाम संपून पट्टाही पडला, टोळ्या आपापल्या गावी गेल्या. छावणी अजून हाय.

तुझ्या लिहिण्यानं टँकर रोज येतो. पण बायकांची रांग वेशीपर्यंत जाते, आणि आमच्या दारात कारखान्याचा टँकर न मागता टाकी भरून जायचा. भिवराबाई म्हणाल्या, आपल्याला मिळतंय ते घ्यावं. मी पंधरवडाभर घेतलं. मग एका सकाळी बंकटची म्हातारी घागर घेऊन आमच्या दारावरनं गेली. आमच्या टाकीकडं बघितलं आणि काही न मागता पुढं गेली. मागितलं असतं तर मी दिलं असतं. तिनं मागितलं न्हाई.

दुसऱ्या दिवशी मी घागर घेऊन वेशीवर गेले. बायकांनी वळून बघितलं. संचालकाची बायको म्हणून पुढं जागा करून दिली. मी मागं जाऊन उभी राहिले. ऊन लई होतं, पायाला चटके बसत होते. तुझ्या वयाची एक सून मला म्हणाली, मावशी, तुम्ही कशाला? मी म्हटलं, विहीर आमचीही बिघडलीय, तुमच्या बिघडवून. काय बोलले ते माझं मलाच कळलं न्हाई. पण ती सरकून उभी राहिली आणि तिनं तिच्या पदराची सावली माझ्यावर धरली.

यांना छावणीत कुणीतरी सांगितलं. आठवडाभर जेवण छावणीतच मागवून घेतलं. मी रोज जात राहिले. मग काल हे वेशीवर आले. मला वाटलं, चारचौघांत बोलतील. माझ्या डोक्यावरची घागर उतरवून खांद्यावर घेतली आणि चालू लागले. सगळ्या बायका बघत होत्या. घरी आल्यावर एवढंच म्हणाले की कारखान्याच्या टँकरवाल्याला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलंय.

तुझं नाव अजून काढत न्हाईत. काढतील.

माझा जीव तुमच्या घरात अर्धा ठेवून,
अक्का

चंद्रपूर
११ जुलै २००४

ती. सौ. अक्कास,
नमस्कार.

बदली झाली. जूनमध्ये बदल्या होतातच, त्यामुळं कुणावर आळ घेऊ नये. इथं कोळशाची धूळ आहे, वाळत घातलेला सदरा संध्याकाळी राखाडी होतो. मुक्ता आणि लेकरं शाळेसाठी औरंगाबादलाच आहेत. मी डबा लावलाय. संध्याकाळी खोलीवर येतो आणि बराच वेळ बूट काढायचंही सुचत नाही.

पिंपळढव आता माझ्याकडं नाही. माझ्या जागी कोण आलं ते ठाऊक नाही, कदाचित अजून कुणीच आलं नसेल. गावात काही झालं तरी मला नुसतं ऐकून घेता येईल, दुसरं काही नाही. हे लिहिताना वाईट वाटतं आणि थोडं हलकंही वाटतं. हलकं वाटतं याचं जास्त वाईट वाटतं.

विहिरीचं कळव. पाऊस झाला म्हणून लगेच वापरू नका.

दुरून का होईना, तुझाच,
राधाकिशन

पिंपळढव
८ ऑक्टोबर २००४

चि. राधाकिशन यास,
विठ्ठलरावाचे आशीर्वाद.

हे पत्र सत्यभामा, म्हणजे तुमची अक्का, लिहिणार होती. मीच लिहितो म्हणालो.

पाऊस बरा झाला. ओढा वाहिला. विहीर भरली, पण रंग तोच आहे. भूजलवाल्या माणसाला विचारले, किती वर्षे लागतील. तो म्हणाला, सांगता येत नाही. विहिरीवर लोखंडी जाळी बसवून घेतली. माझ्या वडिलांनी फोडलेली विहीर आहे.

जुलैच्या बैठकीत भगवानरावांनी डिस्टिलरी सुरू करण्याचा विषय आणला. ओढा वाहतो आहे, सगळे धुऊन जाईल, असे म्हणणे. मी एकट्याने विरोध केला. माझे नाव घेऊन हसले. मेहुण्याचे सोवळे आता दाजींनी नेसले, असे एक जण म्हणाला. पोळ्याला कामगार सुट्टीवर असताना त्यांनी गुपचूप एक टाकी चालवली. वास आला तेव्हा मी बैल सजवत होतो. शिंगे तशीच अर्धी रंगवून गेलो. काळे पाणी पाइपाने सरळ ओढ्यात पडत होते. मी माझ्या नावाने तुमच्या जुन्या ऑफिसात तक्रार दिली. पहिल्या खेपेस कुणी भेटले नाही. दुसऱ्या खेपेस शिपायाने कागद ठेवून घेतला.

गेल्या सोमवारी नवीन बाई आल्या. वयाने लहान, बूट चिखलात रुतत होते. त्यांनी ओढ्यातून बाटल्या भरल्या, पाइपाच्या तोंडापाशी उभ्या राहिल्या. वर बांधावर कारखान्याची माणसे रांगेने उभी होती. गाव इकडच्या काठावर जमा झाले होते. बाई म्हणाल्या, पंचनाम्याला दोन पंच पाहिजेत, गावातले. कुणी हलेना. प्रत्येकाचा ऊस कारखान्याला जायचा आहे, माझाही जायचा आहे. बाईंनी परत विचारले. मला वाटले, तुम्ही आला होतात तेव्हाही असेच विचारले असणार, आणि मी त्या दिवशी छावणीत जाऊन बसलो होतो.

मी खाली उतरलो. माझ्यामागून बंकट आला. आधी मी सही केली, मग त्याने अंगठा दिला.

सही वाकडी झाली ती भीतीने, असे सत्यभामा सगळ्यांना सांगते. तसे काही नव्हते. चष्मा घरी राहिला होता.

पुढे काय होईल ते माहीत नाही. ऊस नेतात की नाही तेही हंगामात कळेल. रजा मिळाली तर या. जवळ बसून बोलण्यासारखे पुष्कळ आहे, आणि मला पत्रात नीट लिहिता येत नाही.

तुमचा,
विठ्ठलराव