जिनिंगमागच्या देवळाचे फाटक

मी, पुष्पांजली शंकरराव तायडे, वय ७६, निवृत्त परिचारिका, अविवाहित, राहणार खामगाव, जि. बुलढाणा. गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे. कोणाच्या दबावाखाली नव्हे, स्वखुशीने हे लिहून ठेवते. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते रागात केले होते.

१. राहते घर, भांड्याकुंड्यांसह, माझा दिवंगत धाकटा भाऊ प्रेम याची मुलगी अश्विनी हिला द्यावे.

२. हार्मोनियम ज्याला वाजवता येते त्याला द्यावी. शेजारचे रंगराव मागतील. त्यांना देऊ नये.

३. वडिलांची थापी आणि ओळंबा आमच्या बाप्तिस्त मंडळीला द्यावा. देऊळ, म्हणजे आमचे चर्च, मंडळीचे आहे, ते माझे नाही; पण त्याची हकीकत सांगणारे आता दुसरे कोणी उरले नाही. जिनिंगमधले, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यातले, मजूर दर रविवारी कडुनिंबाखाली प्रार्थनेला बसत. वडील गवंडी. पाळी सुटल्यावर त्या मजुरांना हाताशी घेऊन त्यांनी १९५७ साली देऊळ उभे केले. व्यासपीठामागचा बाप्तिस्म्याचा हौद एकट्याने बांधला. आमच्यात बाप्तिस्मा कळत्या वयात, पाण्यात पूर्ण बुडवून होतो. मी आणि प्रेम एकाच दिवशी उतरलो. तो तेरा वर्षांचा, पाण्याला भ्यायचा. माझा हात धरून उतरला.

४. पुढे प्रेम तिथलाच पाळक झाला, मी सेक्रेटरी. जिनिंग बंद पडली, माणसे पुण्या-नाशकाकडे गेली, छत गळू लागले. २००१ मध्ये प्रेम म्हणाला, "ताई, रस्त्याकडची जागा दुकानाले देऊ. छत तरी होईल."

"बाबाच्या देवळापुढं दुकानं? मी जित्ती हाय तवर नाही."

मंडळी दुभंगली. अर्धी माणसे घेऊन तो भाड्याच्या हॉलमध्ये गेला. अठरा वर्षे आम्ही बोललो नाही.

५. २०१९ मध्ये तो वारला. त्याची इच्छा म्हणून शवपेटी देवळाशी आणली. फाटकाला कुलूप होते, किल्ली माझ्याकडे. त्याची बायको संजीवनी म्हणाली, "ताई, पंधरा मिनटं उघडा. मंग घेऊन जातो आमी."

मी म्हणाले, "कमिटीची परवानगी नाही."

कमिटीला मी विचारलेच नव्हते. प्रेमच्या माणसांनी भर उन्हात रस्त्यावर एक गीत म्हटले आणि कबरस्तानाकडे गेले. मी आत उभी होते. गीत मला पाठ होते. मी म्हटले नाही.

६. माझ्या दफनाची प्रार्थना देवळात करू नये, रस्त्यावरच करावी. लोकांना उन्हात फार वेळ उभे ठेवू नये.

७. गेल्या रविवारी उपासनेला आम्ही सात जण होतो. सेक्रेटरीपद मी सोडले आहे. दोन्हीकडच्यांनी आता एकत्र बसावे, दुकाने काढायची तर काढावीत.

८. अश्विनीची मी माफी मागितली. ती म्हणाली, "मले काऊन मागता आत्या? आईले मागा." म्हणून काल संजीवनीकडे गेले. तिने चहा दिला. मग म्हणाली, "माफीचं मले अजून जमत नाही. साक्षीदार पाह्यजे असंल तं सहीले येतो."

तिच्या खालील सहीचा अर्थ तेवढाच घ्यावा.

लिहून ठेवणार: पुष्पांजली शंकरराव तायडे (सही)

आमच्या दोघींच्या समक्ष सही केली:
१. मनकर्णाबाई वानखडे, शेजारीण (अंगठा)
२. संजीवनी प्रेम तायडे, भावजय (सही)

खामगाव, दि. १४ फेब्रुवारी २०२५