गुडघ्यामागचा आखूड बंध

रत्नागिरी, १४ नोव्हेंबर २००४

नाना, तुम्ही गेल्यानंतर तुम्हाला एक ओळही लिहिली नाही, त्याबद्दल माफ करा. बोलण्यासारखं एकच होतं, आणि पुरावा हातात आल्याशिवाय ते बोलायचं नाही असं मी ठरवलं होतं. परवा कोल्हापूरला जाऊन डाव्या गुडघ्याचा एमआरआय करून आले.

राजापूरच्या शाळेत तेव्हा तुम्ही खेळाचे मास्तर आणि मी, तुमची मुलगी, तुमच्याच खो-खोच्या संघात. मैदानावर तुम्हाला ‘सर’ म्हणायचं, ‘नाना’ घरी. जिल्ह्याच्या सामन्यांआधीचा सराव चालू आहे. मी खांबाला हात घालून वळते, डावा पाय तांबड्या मातीत रुतून राहतो, अंग मात्र उजवीकडे फिरतं, आणि गुडघ्यामागे बाहेरच्या बाजूला काहीतरी सुटतं. आवाज झाला नाही. झाला असता तर तुम्ही ऐकला असतात. दुसऱ्या दिवशी तुम्ही मला एस.टी.ने रत्नागिरीला नेऊन एक्स-रे काढून आणलात आणि तो सगळ्या संघासमोर उजेडात धरलात. “बघा गो सगळ्यांनी. हाड अखंड आहे. हिचं दुखणं डोक्यात.” मुली हसल्या. तुम्हीही हसलात. मी म्हटलं, “सर, वळताना गुडघा निसटतो.” “निसटतो तर धरून ठेव त्याला!” सामन्यात मी खांबापाशीच पडले आणि आपण हरलो. पुढे शाळा संपेपर्यंत “आली गो फोटोवाली” ऐकत राहिले. घरी तुम्ही माझ्याशी बोलणं टाकलंत. मला काही सांगायचं असलं की आईला सांगायचात, मी समोर पानावर बसलेली असताना.

कोल्हापूरच्या डॉक्टरांनी मला पालथं झोपवलं, दोन्ही गुडघे वाकवून पावलं बाहेर वळवून पाहिली. डावं जास्त वळलं. मग फिल्म उजेडाच्या पेटीवर लावून ते समजावू लागले. पोटरीच्या बाहेरच्या अंगाला जे बारीक हाड असतं, त्याच्या माथ्यापासून गुडघ्यामागच्या एका स्नायूच्या दोरीपर्यंत एक आखूड, तिरका बंध जातो. वळताना नडगी बाहेर फिरून जाऊ नये म्हणून तो धरून ठेवतो. “तुटलाय ना?” मी विचारलं. माझाच आवाज मला अधाशी वाटला. ते फिल्मवर आणखी वाकले. “नक्की सांगता येत नाही, बाई. इतका लहान आणि तिरका आहे की धडधाकट गुडघ्यातही पुष्कळदा नीट दिसत नाही. गुडघा सैल आहे, हे हाताला कळतंय. कधीपासून, कशानं, ते फोटो सांगणार नाही. पण फोटोत दिसत नाही म्हणून गुडघ्यात काही नाही, असं समजू नका.” एका परक्या माणसाने हे सहज, खिशातलं पेन चाचपता चाचपता म्हटलं. मला रडू आलं नाही, राग आला.

तुम्हाला तरी काय कळणार होतं, असं मी परतीच्या गाडीत स्वतःला विचारलं. त्या एक्स-रेत हाडच दिसणार, आणि ते अखंडच होतं. खोटं तुम्ही काहीच बोलला नाहीत. पण एकदाही गुडघ्याला हात लावून पाहिला नाहीत, नाना. आणि हसा असं काही फोटोने सांगितलं नव्हतं.

आईने दारातच विचारलं, “काय गो, काय निघालं?” मी म्हटलं, “तुटलेलं निघालं. तेव्हाचंच. स्वच्छ दिसतंय.” “आणि मी त्यांचंच खरं धरून बसले,” ती एवढंच म्हणाली. आज सकाळी तिने तुमच्या तसबिरीला फूल वाहिलं नाही. मी स्वयंपाकघरातून बघत होते, आणि मला बरं वाटलं. हे तुमच्याशिवाय कोणाला सांगण्यासारखं नाही.

उद्या: आईला खरं काय ते सांगणे.