वाघदेवाचा डोंगर आणि धोंड्याचं जेवण

इंदिरानगर, नाशिक
मंगळवार, सकाळी

ती. देवरामभाऊ यांस,

नवनाथचा नमस्कार पोचावा. (मानाने जावई मोठा, पण वयाने मेहुणा मोठा, म्हणून तुमच्या बहिणीच्या सांगण्यावरून नमस्कार माझ्याकडून लिहिला आहे.) तुमचा खोकला कसा आहे? वहिनींची साखर आटोक्यात आली का? तांबडी गाय व्यायली असेल. आम्ही इकडे ठीक. फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. तुम्ही फोन स्पीकरवर टाकून बोलता आणि इकडे उज्वला शेजारी बसून सगळं ऐकते, म्हणून. कारण पुढे येईलच.

विषय तुमच्या गावामागच्या वाघदेवाच्या डोंगराचा. आमच्या लग्नाला चौतीस वर्षं झाली. एवढ्या काळात मी तुमच्याकडे निदान साठ वेळा आलो असेन आणि दर वेळी तो डोंगर चढायचा असं ठरवूनच आलो. पण आधी चहा, मग पोहे, मग वहिनींचं ‘एवढं दूध घ्या’, आणि मी उठून चपला घालतो तोवर तुम्ही म्हणणार, “दाजी, ऊन लय झालं, आता जेवूनच जा.” तुमच्याकडे जेवून कोणी डोंगर चढल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही. (मागच्या अधिक महिन्यात धोंड्याचं जेवण झाल्यावर मी ओसरीवर जो आडवा झालो, तो दिवेलागणीलाच उठलो. पुरणाचे धोंडे नऊ खाल्ले होते, असं वहिनी म्हणतात. मला सात आठवतात.) डोंगर समोरच होता, तो पाहिला आणि दुसऱ्या दिवशी परत आलो.

यंदा मात्र जायचंच आहे. उज्वलाचे दोन्ही गुडघे गेले, हे तुम्हाला ठाऊक आहे. ऑपरेशनची तारीख जुलैची मिळाली. डॉक्टर म्हणाले, नवे गुडघे घरात फिरायला उत्तम, पण डोंगरबिंगर विसरा; जायचंच असेल तर आत्ता पट्टा बांधून, सावकाश, एकदाच. हिने घरी येऊन कुकर लावला आणि पाठमोरीच म्हणाली, “मग एकदा वाघदेवाला जाऊ. माझ्याच गुडघ्यांनी. वरून आमची शाळा दिसते, ती तुम्हाला दाखवायची राहिलीय.” भाऊ, चौतीस वर्षांत हिने माझ्याकडे साडी सोडून काही मागितलं नाही, आणि साडीसुद्धा शेवटी माझ्याच पसंतीची घेतली. मला फार वाईट वाटलं. मी लगेच कागद घेतला आणि नियोजनाला बसलो.

मनमाडला रेल्वेच्या पार्सल ऑफिसात छत्तीस वर्षं काढल्यामुळे वेळापत्रकाशिवाय मला घास गिळवत नाही. तुमच्या अंगणातून प्रस्थान पहाटे पाच-दहा. करवंदीच्या जाळ्या पाच-पन्नास, थांबा चार मिनिटं (करवंदं खाण्यासह). असा तक्ता करून फ्रिजवर लावला आहे. जॉगिंग ट्रॅकवरच्या सहादूभाऊंचा सल्ला घेतला. ते आमच्यातले अनुभवी. सप्तशृंगीला दोनदा जाऊन आले आहेत, दोन्ही वेळा ट्रॉलीने. त्यांनी बिबट्यासाठी शिट्टी सांगितली आणि रानात चकवा लागला तर चपला उलट्या पायांत घालायला सांगितलं. आता माझे बूट आमच्या लेकीने, सायलीने, पुण्याहून धाडलेले, त्यांच्या लेस सोडून पुन्हा बांधायला दहा मिनिटं लागतात. तोवर चकवा थांबेल का, हे सहादूभाऊंना सांगता आलं नाही. शिट्टी आणली. घरात वाजवून पाहिली, तर खालच्या मजल्यावरचे कचऱ्याची बादली घेऊन बाहेर आले.

नंतर इंटरनेटवरून नकाशा काढून, वाट लाल पेन्सिलीने आखून, उज्वलाला जेवणाच्या टेबलावर नीट समजावून सांगितली. ती लसूण सोलत होती. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाली, “ही वाट पाणवठ्याला जाते. तिथून पुढे म्हशीपण जात नाहीत.” मग कळलं की लग्नापर्यंत ही दर उन्हाळ्यात करवंदांसाठी तो डोंगर चढायची, कधी कधी दिवसातून दोनदा. अहो, मी तीन आठवडे साऱ्या नाशकाला वाट विचारत फिरलो! आधी का नाही बोललीस म्हटलं, तर म्हणाली, “विचारलंत कुठे?” लाल रेघ खोडली.

सराव म्हणून गेल्या रविवारी पांडवलेणीला गेलो. मी बूट, काठी, पाठीवर नळीची पाण्याची पिशवी अशा सगळ्या तयारीनिशी. ही गुडघ्यांना पट्टे बांधून, रोजच्याच चपलांवर. निम्म्या पायऱ्यांवर माझी लेस सुटली म्हणून मी बसलो. ही हळूहळू, एकेक पायरी करत वर गेली, लेणी पाहिली, खाली आली, आणि येताना मीठ लावलेला पेरू घेऊन आली. मी तिथेच होतो. जागा हवेशीर आहे.

तर येत्या शनिवारी संध्याकाळी आम्ही पोचतो, रविवारी पहाटे डोंगर. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुमचा,
नवनाथ

ता. क. शनिवारी रात्री मला फक्त पिठलं-भाकरी, तीही दीडच. यंदाच्या अधिकाचे धोंडे, अनारसे, ताम्हण, जो काय मान करायचा तो डोंगर उतरल्यावर. पुढ्यात आलं की मला नाही म्हणता येत नाही.

ता. क. (दुसरा) भाऊ, पांडवलेणीला लेस सुटली नव्हती. मागे वळून खाली हायवेकडे पाहिलं आणि पायरी धरून खाली बसलो. मला उंचीची भीती वाटते. मनमाडच्या पुलावरूनसुद्धा मी कठड्यापासून लांबून चालायचो. तुमच्या जेवणाने साठ वेळा अडवलं हे खरं, पण मीही कधी फारसा विरोध केला नाही. उज्वलाला हे माहीत नाही. कळलं तर ती म्हणेल राहू द्या, आणि जुलैनंतर ते गुडघे राहणार नाहीत. म्हणून विनंती अशी, की वरच्या कड्याच्या टप्प्याला ही पुढे, मी मधे आणि तुम्ही माझ्या मागे अगदी चिकटून. तिने विचारलं तर सांगा, डोंगरावर जावयाला मधे घेऊन चालायची आपल्याकडे पद्धत आहे. अशी पद्धत नाही, हे मला ठाऊक आहे. सुरू करा. आणि हे पत्र वाचून चुलीत घाला.

ता. क. (शेवटचा) पाकिटाला डिंक लावला तेवढ्यात ही चहा घेऊन आली. कोणाला पत्र, म्हणाली. म्हटलं, तुझ्या दादाला, तब्येतीची चौकशी. (पत्र मी क्षणभरही हातातून सोडलेलं नाही.) चहा ठेवून आत जाता जाता म्हणाली, “मग त्याला एवढं लिहा, कड्याजवळ तू मागे राहा, मी पुढे असेन. जावयाला मधे घ्यायची आमच्याकडे पद्धत आहे.” पाकीट पुन्हा उघडून तेवढं लिहिलं आहे.