त्याच देशात पाचव्यांदा

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींनी खोकला आहे असे मान्य केले, की अजून "घसा साफ करतोय" हेच चालू आहे? आम्ही गेल्या आठवड्यात सुखरूप परतलो. म्हणजे आम्ही दोघे; एक बॅग अजून तिकडेच प्रेक्षणीय स्थळे पाहत आहे.

पुन्हा त्याच देशात कशाला, असे तू फोनवर विचारलेस. तिथल्या विमानतळावरच्या अधिकाऱ्यानेही तेच विचारले (तो निदान हसला तरी). "देश मोठा आहे" असे मी खुणेने सांगितले, आणि ते खोटे नाही. पाच खेपांत नकाशाचा एक कोपराही धड बघून झालेला नाही. पण मला तिथे खेचते ते वेगळेच. चाळीस वर्षे चष्म्याच्या दुकानात बसून मी लोकांकडून खालची बारीक ओळ वाचून घेतली, आणि तिथे मला भिंतीएवढे अक्षर कळत नाही. या वेळी केस कापायचे दुकान समजून मी दातांच्या दवाखान्यात शिरलो. खुर्ची तशीच, गळ्याला फडकेही बांधले. मी आपली बोटांची कात्री करून कानामागे फिरवून दाखवली, तेव्हा डॉक्टरच दोन पावले मागे सरला.

हे ऐकून तुझी भावजय फुटपाथवर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. तुला ठाऊक आहे, घरी ती माझ्याशी दिवसाला तीन वाक्ये बोलते: ताट वाढलंय, पंखा बंद करा, तुमचा फोन वाजतोय. बाकी सगळे शेजारणींना आणि तुला. तिथे मात्र तिचे बोलणे कळणारा लाखो माणसांत मी एकटा, त्यामुळे सगळे माझ्याच वाट्याला येते. बसमध्ये, बागेतल्या बाकावर, तिकिटाच्या रांगेत ती बोलत असते. तिला नर्स व्हायचे होते, हे मला लग्नानंतर छत्तीस वर्षांनी, तिसऱ्या खेपेला, एका पुलावर उभे असताना कळले. ताई, मला ते फार आवडते. (राजवाडे वगैरे ठीक आहेत.)

आता संकट ऐक. परवा तिने त्या देशाच्या भाषेच्या वर्गात नाव घातले. सकाळपासून आरशासमोर घशातून आवाज काढते. पुढच्या खेपेला ती तिथल्या बायकांशी गप्पा मारणार, आणि मी पुन्हा तीन वाक्यांवर. माझे धाबे दणाणले आहे.

तब्येतीला जप. भाऊजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. : तुझा शब्द ती मोडत नाही. वर्ग सोड, असे तिला सांगशील का? कारण काहीही दे. त्या उच्चारांनी घसा कायमचा बसतो म्हण, हवे तर भाऊजींचे उदाहरण दे.

ता. क. २ : पाकीट चिकटवण्याआधी तिला सहज विचारले, या वयात ही धडपड कशासाठी? म्हणाली, "स्टेशनात आपली चुकामूक झाली ना, तेव्हा तासभर मी दिसेल त्याला थांबवत होते. माझा माणूस हरवलाय, एवढंसुद्धा कुणाला सांगता आलं नाही मला." (हे मी वर लिहिले नाही. तो तासभर मी एका दुकानात टोप्या घालून बघत होतो.) तेव्हा आधीचा ता. क. खोडला आहे असे समज. उलट, वर्गाला यालाही घेऊन जा, असे तिला सांग. मला त्या भाषेतले एकच वाक्य शिकायचे आहे : मी हिच्यासोबत आहे.